शिल्लक पुढे नेली

जगात मधल्या गोष्टींना वाली नसतो. थोरल्याला मान मिळतो, धाकट्याला लाड मिळतात आणि मधल्याला थोरल्याचे कपडे मिळतात. एस.टी.त तिघांच्या बाकावर मधे बसणाऱ्याला धड खिडकी नाही की धड वाट नाही. रेल्वेत मधला बर्थ मिळालेला माणूस रात्री नऊपासून खालच्या माणसाला 'आता लावू का?' असं अजिजीनं विचारत उभा असतो, आणि खालचा नेमका त्याच वेळी शेंगदाण्याची पुडी सोडत असतो. मधली सुट्टी तेवढी सगळ्यांना आवडते. पण ती मधली म्हणून नव्हे, सुट्टी म्हणून.

मालिकेतल्या मधल्या पुस्तकाचं असंच असतं. पहिल्या भागाचं कौतुक होतं, कारण तो नवा असतो. शेवटच्याचं होतं, कारण तो संपतो. मधल्या भागाला मात्र वाचक दूरच्या नातेवाइकासारखं वागवतात. आलाच आहे तर 'बसा' म्हणायचं, आणि गेल्यावर 'किती वेळ बसला हो!' म्हणायचं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमची कन्या. ती यंदा दहावीला आहे, आणि दहावीचं मूल ज्या निष्ठेनं अभ्यास सोडून बाकी सगळं करतं, त्या निष्ठेनं तिनं हॅरी पॉटरची मालिका वाचायला घेतली. चार भाग पंधरा दिवसांत संपले. घर शांत होतं. मग तिनं पाचवा उघडला, आणि आमच्या दोन खोल्यांत तेच सुरू झालं जे २००३ साली जगभर झालं होतं. आरडाओरडा.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेनं लिहिलेल्या या मालिकेचे भाग सात. हॅरी हा पोरका मुलगा जादूच्या निवासी शाळेत जातो. दर भागाला त्याचं एक वर्ष सरतं. पाचवा भाग, 'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स', २१ जून २००३ रोजी आला. सातांत सगळ्यांत जाड तोच. ब्रिटिश आवृत्तीची पानं ७६६, प्रकरणं ३८. आता सातांतला मधला म्हणजे चौथा, एवढं गणित बी.कॉम. झालेल्या माणसालाही येतं. पण चौथ्याच्या शेवटी खलनायक नव्यानं देह धारण करून उभा राहतो. ज्याच्या शेवटी एवढं घडतं, त्याला मधला म्हणायची छाती होत नाही. खरा मधला भाग तो, ज्याच्या आधी बरंच घडून गेलेलं असतं, ज्याच्या नंतर बरंच घडायचं असतं, आणि जो चालू असताना नायक कोपऱ्यात चिडून बसलेला असतो.

२००३ मध्ये मी नुकताच बी.कॉम. होऊन बँकांच्या परीक्षा देत मिरजेला मामांकडे राहत होतो. मामा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. म्हणजे रात्रभर उभं राहून पत्रं गावोगावच्या खणांत टाकायची. पत्र लिहिणारा कोण, वाचणारा कोण, आत लग्न आहे की तेरावा, कशाशी संबंध नाही. काम मधलं.

चौथा भाग जुलै २००० मध्ये आला होता. पाचव्याला तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात माझं बी.कॉम. झालं, एकदा कावीळ झाली आणि एक प्रेमप्रकरण सुरू व्हायच्या आतच मिटलं. हॅरीच्या आयुष्यात मात्र जेमतेम उन्हाळ्याची सुट्टी सरली होती. एवढी वाट बघायला लावणारं पुस्तक आलं की वाचक ते वाचत नाही, त्याची झडती घेतो.

त्यातून गाजावाजा केवढा! पुस्तक दुकानांत येण्याआधीच इंग्लंडात ७,६८० प्रतींनी भरलेला ट्रेलर चोरांनी पळवला. छापखान्यातल्या एका फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यानं काही पानं उचलून वर्तमानपत्राला विकायचा प्रयत्न केला आणि कोर्टाची पायरी चढला. या भागात एक पात्र मरणार हे आधीच फुटलं होतं, त्यामुळे 'कोण?' यावर लोक पैजा लावत होते. पहिल्या दिवशी ब्रिटनमध्ये सतरा लाखांहून जास्त प्रती खपल्या. अमेरिकेत पन्नास लाख. सांगलीच्या आमच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत एक आली.

माझा नंबर अकरावा होता. भाडं दिवसाला दहा रुपये. बेकार माणसाला दहा रुपयांची किंमत काय असते ते सांगायला नको. ७६६ पानं मी डिक्शनरी मांडीवर घेऊन चार दिवसांत संपवली. रोज संध्याकाळी मामा ड्यूटीवर निघण्याआधी चहाचा कप घेऊन विचारायचे, "कुठवर आलं तुझं टपाल?" मामांचं इंग्रजी पत्त्यापुरतं होतं. पहिले चार भाग मी त्यांना असेच मराठीत सांगितले होते. मामी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायची. तिला असल्या पोरखेळात रस नव्हता, असं आम्ही दोघंही समजून होतो.

पाचव्या भागावर वाचकांच्या मुख्य तक्रारी तेव्हा दोन होत्या, आणि आजही त्याच आहेत.

पहिली तक्रार अशी, की पोरगं ओरडतं फार. अख्खा उन्हाळा त्याला कुणी काही कळवत नाही, आणि मग मित्र भेटल्यावर तो जो फुटतो तो परिच्छेदच्या परिच्छेद. इंग्रजीत ओरडायची सोय चांगली आहे. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापली की झालं. आपल्याकडे क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं एकाच मापाची, त्यामुळे मराठी माणसाला ओरडायला घसा लागतो. मामांना तो प्रसंग सांगताना मी घसा वापरला. शेजारचे दोघे 'काय झालं, काय झालं' करत अंगणात येऊन उभे राहिले. "काही नाही," मामा म्हणाले, "इंग्लंडातलं भांडण आहे."

माझं स्वतःचं मत तेव्हा पक्कं होतं. नायकानं नायकासारखं वागावं. घरात खायला आहे, शाळेची फी भरलेली आहे, एवढं बोंबलायला काय झालं? बेकार बी.कॉम. गप्प बसतो, आणि जादू येणारा मुलगा ओरडतो!

दुसरी तक्रार लांबीची. डंबलडोर हे त्या शाळेचे मुख्याध्यापक. भविष्यवाणीची जी गोष्ट ते शेवटच्या प्रकरणांत हॅरीला समोर बसवून सांगतात, ती त्यांनी पहिल्याच प्रकरणात सांगितली असती तर सातशे पानं वाचली असती, आणि ती वाचायची वेळ आमच्यावर आली नसती. पुढे २००५ मध्ये खुद्द लेखिकेनं एका मुलाखतीत मान्य करून टाकलं की हे पुस्तक आटोपशीर होऊ शकलं असतं. सिनेमावाल्यांनी २००७ मध्ये त्याचा वचपा काढला. सगळ्यांत जाड पुस्तकावर त्यांनी जो सिनेमा काढला तो १३८ मिनिटांचा. त्याहून आखूड त्या मालिकेत एकच आहे, शेवटचा. आमच्या बँकेतल्या हेडकॅशियरांनी तेवढा एकच सिनेमा पाहिला आहे. त्यांचं म्हणणं, नोटा मोजाव्यात तशा गोष्टी मोजाव्यात. आधी बंडल बघायचं, सुटं नंतर.

मामांना मात्र ही लांबीची तक्रार मंजूर नव्हती. "पेटीत टाकलेलं पत्र दिसतं," ते म्हणाले. "दारात पडलेलं दिसतं. मधे ते मिरजेच्या फलाटावर तीन तास पडून असतं ते कुणाला दिसत नाही. म्हणजे काय पत्र थांबलंय होय? व्यासांनीसुद्धा द्यूत संपलं की लगेच कुरुक्षेत्र केलं असतं तर पोथी आटोपशीर झाली असती. मग बारा वर्षांचं वनपर्व कशाला लिहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक परत द्यायला दोन दिवस उरले होते.

एका बाबतीत सगळे वाचक एका सुरात बोलत होते. अंब्रिजबाई! गुलाबी कपडे घालणाऱ्या, भिंतीवर मांजराच्या पिल्लांच्या चित्रांच्या बश्या लावणाऱ्या, गोड आवाजात खाकरून दुसऱ्याचं बोलणं तोडणाऱ्या या सरकारी बाई शाळेत येतात, पॅडवर नोंदी करत इतर शिक्षकांची तपासणी करतात, रोज एक नवं फर्मान काढतात, आणि शिक्षा म्हणून मुलांना अशा टाकानं ओळी लिहायला लावतात की लिहिलेलं मुलांच्याच हातावर कोरलं जातं. खरा खलनायक व्होल्डेमॉर्ट. पण त्याच्यापेक्षा वाचकांचा राग या बाईंवर जास्त. स्टीफन किंग या भयकथा लिहिणाऱ्या लेखकानं २००३ मध्येच लिहिलं की हॅनिबल लेक्टरनंतर इतकी जबरदस्त खलव्यक्ती झालेली नाही. त्याच वर्षी ए. एस. बायट या विदुषींनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखाचा सूर असा, की मोठी माणसं ही पुस्तकं वाचतात ती पुन्हा लहान व्हायला. मला दोघांचंही पटतं. बँकेत इन्स्पेक्शन लागलं की मला अंब्रिजबाईही आठवतात आणि लहान व्हावंसंही वाटतं. व्होल्डेमॉर्ट कुणी पाहिलेला नाही हो. 'जरा ते व्हाउचर दाखवता का?' असं गोड आवाजात विचारणारं माणूस सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

मामांनी अंब्रिजबाईंचं वर्णन डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही बाई मला भेटलेली आहे. कुठे ते विचारू नकोस. माझं पेन्शन अजून व्हायचंय."

मग तो मृत्यू आला. मरतो तो सिरियस ब्लॅक, हॅरीच्या वडलांचा मित्र, हॅरीचा धर्मपिता. आपल्याकडे तसं नातं नाही. मामा हाच त्यातल्या त्यात जवळचा शब्द, म्हणून मी मामांना 'त्याचा मामाच म्हणा' असं सांगत आलो होतो. हा सिरियस लढता लढता एका कमानीच्या पडद्याआड पडतो आणि संपतो. प्रेत नाही, शेवटचे शब्द नाहीत. कित्येक वाचकांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, कारण माणूस गेला हे पहिल्यांदा कळलंच नाही. आणि कळल्यावर कित्येकांनी ते मानलं नाही. पुढची काही वर्षं जगभरचे शहाणेसुरते लोक सिरियस कसा परत येईल याचे सिद्धांत मांडत होते. लेखिकेनं प्रकाशनाच्या तोंडावर मुलाखतीत सांगितलं होतं की ते लिहून ती रडत स्वयंपाकघरात आली. नवरा म्हणाला, मग मारू नकोस ना. तेव्हा तिनं त्याला समजावलं, की पोरांची पुस्तकं लिहायची तर मन दगडाचं करावं लागतं. नवऱ्याचा सल्ला इतका सरळ असूनही बायको तो ऐकत नाही, ही गोष्ट इंग्लंडातही आहे हे वाचून बरं वाटलं.

मामांना मृत्यूचं फार काही वाटलं नाही. "लढाई म्हटल्यावर माणूस जायचाच," म्हणाले. ते भडकले ते पुढच्या प्रकरणावर. नाताळच्या सुट्टीनंतर निरोप घेताना सिरियसनं हॅरीला एक पुडकं दिलेलं असतं. लागेल तेव्हा वापर म्हणतो. हॅरी ते न उघडताच ट्रंकेत टाकतो. सिरियस गेल्यावर, सगळं आटोपल्यावर, त्याला ते सापडतं. आत आरसा. जोडीतला दुसरा सिरियसकडे. त्यात नाव घेऊन हाक मारली की समोरासमोर बोलता येत होतं. शत्रूनं सिरियसला पकडल्याचं खोटं दृश्य हॅरीच्या डोक्यात घातलं होतं, ते खरं की खोटं हे त्या आरशात एका मिनिटात कळलं असतं. सिरियस वाचला असता.

"फोडायचं ना पाकीट!" मामांनी कप इतक्या जोरात ठेवला की बशी तडकली. "आयुष्य गेलं माझं लोकांची पाकिटं पोचवण्यात. आलेलं टपाल हातात पडल्या पडल्या फोडावं. सवडीनं बघू म्हणणाऱ्याला सवड नंतर मिळते, माणूस मिळत नाही." त्या रात्री ते ड्यूटीवर गेले ते रागातच. इंग्लंडातल्या एका न फोडलेल्या पाकिटाचा राग त्या रात्री मिरजेतल्या कुठल्या गावाच्या खणावर निघाला असेल, देव जाणे.

पुढच्या वर्षी माझी बँकेची ऑर्डर आली. निघताना मामा म्हणाले, "आणि ते राहिलेले दोन भाग?" मी म्हटलं, "येऊ द्यात तर खरे. सवडीनं सांगतो." सहावा २००५ च्या जुलैत आला, सातवा २००७ च्या. दोन्ही मी नोकरीच्या गावी एकट्यानं वाचले.

बँकेत लागल्यावर मला मधल्या भागाचं मोल कळायला हवं होतं. जुन्या लेजरात पान भरलं की तळाशी लिहायचं, 'शिल्लक पुढे नेली'. पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायचं, 'शिल्लक पुढे आणली'. या दोन ओळींत जमा नाही, खर्च नाही, नफा नाही, तोटा नाही. पण तीच ओळ कुणी विसरला तर वर्षअखेरीला रात्री अकरा वाजता सगळी शाखा टेबलाखाली वाकून आकडे शोधत असते. मी हे नव्या पोरांना पुष्कळदा समजावून सांगितलं आहे. स्वतःला सांगायचं राहिलं.

तर आता दुसऱ्या पिढीचा आरडाओरडा. आमच्या कन्येला तीन वर्षं वाट बघावी लागली नाही. सातही भाग खोक्यात शेजारी शेजारी; चौथा संपल्यावर पाचवा उघडायला तीन मिनिटं लागली, तीही पाणी प्यायला गेली म्हणून. हॅरी पाचव्या भागात पंधरा वर्षांचा आहे, कन्याही पंधराची. त्यालाही त्या वर्षी मोठी परीक्षा आहे, ओ.डब्ल्यू.एल. नावाची, म्हणजे तिकडची दहावीच. त्यामुळे हा भाग तिनं वाचला नाही, भोगला. सौ.नं "परीक्षा कधी आहे आठवतं ना?" असं विचारलं की उत्तर मोठ्या लिपीत येई.

मी जुन्या अनुभवाच्या जोरावर म्हणालो, "पाचव्या भागात तो उगाच ओरडतो. मला तेव्हाही आवडलं नव्हतं."

"उगाच?" ती म्हणाली. "बाबा, त्याच्या डोळ्यांसमोर मित्र मेला. वर्तमानपत्र त्याला खोटारडा म्हणतंय. आणि ज्यांना सगळं माहितीय ते मोठे लोक त्याच्याशी बोलतच नाहीत. तो ओरडणार नाही तर काय आरती म्हणेल?"

"त्याच्या भल्यासाठीच सांगत नव्हते."

"हो ना. मिरजेचे मामाआजोबा गेले तेव्हा माझी सहावीची परीक्षा चालू होती. तुम्ही दोघांनी मला आठ दिवसांनी सांगितलंत. भल्यासाठीच."

सौ. स्वयंपाकघरात भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

पुस्तकाच्या शेवटी डंबलडोर हेच कबूल करतात. इतका मोठा जादूगार, पण पोराच्या जिवाला त्रास नको म्हणून गप्प बसला आणि त्यानंच सगळा घोटाळा झाला. बाविसाव्या वर्षी ते प्रकरण मी कंटाळत वाचलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी वाचलं तर ते म्हातारे गृहस्थ माझ्याच शेजारच्या काउंटरवर बसलेले वाटले. एकच पुस्तक, त्यात आधी पोराचा राग आला होता, आता पोराच्या बाजूनं मोठ्यांचा आला, आणि त्या मोठ्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री ती आरशापाशी पोचली. पुस्तक पलंगावर आपटल्याचा आवाज आला. मी मामांच्या थाटात आत गेलो आणि म्हणालो, "आलेलं पाकीट लगेच फोडावं. सगळे वाचक वीस वर्षं त्या पोराला हेच सांगतायत."

"तू नीट वाचलंच नाहीस," ती म्हणाली. डोळे लाल होते. तिनं मागची पानं उलटून एक जागा दाखवली. हॅरी ते पुडकं विसरून नव्हे, ठरवून बाजूला ठेवतो. सिरियस लपून राहत असतो. आपण बोलावलं तर तो बाहेर येईल आणि पकडला जाईल, म्हणून आपण हे वापरायचंच नाही, असं तो मनाशी ठरवतो. दिवसाला दहा रुपयांच्या घाईत मी ते पान उडवलं होतं. म्हणजे पोराकडे कारण होतं. माया होती म्हणून त्यानं पाकीट फोडलं नव्हतं.

माझ्याकडे तेही कारण नव्हतं.

मामा रिटायर झाल्यावर मोबाइलवर बोलून निरोप पाठवायला शिकले होते, आणि सॉर्टरच्या शिस्तीनं सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे. ३० मार्च २०२२ ला त्यांचा एक निरोप आला. सहा मिनिटं चाळीस सेकंद. बँकेतल्या माणसाला मार्चच्या तीस तारखेला सहा मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे काय हे बँकेतलाच माणूस जाणे. सवडीनं ऐकू म्हटलं. आठ एप्रिलला मामा गेले. त्यानंतर सवड होती, धीर नव्हता. फोन भरला म्हणून सौ. 'शुभ सकाळ'ची फुलं पुसायला बसली की मी धावत जाऊन म्हणायचो, मिरजेचं काही पुसू नकोस. एकदा फोन बदलला, तेव्हा दुकानातल्या पोराला दोनशे रुपये जास्त देऊन तो निरोप नव्या फोनमध्ये आणवला. शिल्लक पुढे नेली. उघडला मात्र नाही.

त्या रात्री गॅलरीत जाऊन उघडला.

पहिला दीड मिनिट मामा मामीला विचारत होते, "हे चालू झालंय का?" मामी म्हणत होती, "मला काय विचारता, लाल दिसतंय." मग खोकला. मग "हां, ऐक. ते पंधरा एच फॉर्म आत्ता भरायचे की एप्रिलात? आणि ज्येष्ठांना व्याजात अर्धा टक्का जास्त देतात ते आपोआप की अर्ज लागतो?" मग दारच्या शेवग्याला शेंगा किती लागल्या, त्यांतल्या किती शेजाऱ्यांनी नेल्या, याचा हिशेब. सहा मिनिटं होत आली तेव्हा म्हणाले, "आणि काय रे, त्या तुझ्या पोराचं पुढे काय झालं? तो मामा मेला तिथवर सांगून तू नोकरीला गेलास. मी मधेच लटकलोय की अजून. ये एकदा सवडीनं."

बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. कन्या येऊन शेजारी उभी राहिली. काही विचारलं नाही. पंधराव्या वर्षी सगळ्याच गोष्टी ओरडून बोलतात असं नाही.

रविवारी मिरजेला मामीला फोन लावला. मामांचाच नंबर; तो आता तीच वापरते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "मामी, मामांनी तो मोठा निरोप पाठवला होता ना, तो ऐकला."

"कधी?"

"परवा."

तिकडे जरा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "पोचला म्हणजे. उशिरा का होईना, पोचलं म्हणजे झालं. ते नेहमी म्हणायचे, गहाळ होण्यापेक्षा उशीर बरा." आणि लगेच, "मग सांग की पुढचं."

"कशाचं?"

"त्या पोराचं. तू ह्यांना सांगायचास तेव्हा मी काय कानात बोळे घालून भाकऱ्या थापत होते? बशी फुटली ती माझीच."

कन्येनं फोन स्पीकरवर टाकला आणि सहावा भाग मांडीवर घेऊन बसली. मी सुरुवात केली. सहाव्या भागाच्या पहिल्या प्रकरणात जादूच्या जगाचा मंत्री इंग्लंडच्या पंतप्रधानांना भेटायला येतो.

"दोन मंत्री भेटले म्हणजे कामाचं काही झालं नसणार," मामी म्हणाली. "ते सोड. त्या पोराला कुणी जेवायला घातलं का? मागच्या भागात उपाशीच होतं."

"घातलं ना," कन्या पुढची पानं चाळून म्हणाली. "मित्राच्या आईनं. कांद्याचं सूप आणि पाव."

"पाव? आजारी आहे का ते?"

मी कन्येकडे बघितलं. तिनं पुस्तक मिटलं आणि मान हलवली. मग रोलिंगबाईंची मनातल्या मनात क्षमा मागून मी हॅरीला दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेवग्याची आमटी वाढली, तेव्हा कुठे मिरजेहून 'हं' आलं आणि गोष्ट पुढे सरकली.